हातातून हातात

आमच्या ह्यांना एकेकाळी जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींबद्दल मत होतं. सिग्नल कुठे चुकीचा बसवलाय, चोऱ्या का वाढल्यात, रस्ता रुंद केला की गर्दी कमी होते की वाढते, मोबाईलने माणूस शहाणा होतो की बावळट, तुम्ही नुसतं विचारायचा अवकाश. नाही विचारलंत तरी सांगायचे. मी शिलाईच्या मशीनवर बसलेली असायची, हे चहाचा कप घेऊन दारात उभे, आणि भाषण सुरू. मी म्हणायची, "अहो, सभा संपली असेल तर जरा ती कात्री द्या इकडे." हसायचे, कात्री द्यायचे, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हल्ली काही विचारलं तर म्हणतात, "मला काय कळतंय त्यातलं." आणि पेपर उलटा-सुलटा करत बसतात. पूर्वी ह्यांच्या बडबडीने माझं डोकं उठायचं, आता घर खायला उठतं.

शाळेची व्हॅन चालवायचे हे. सगळी उमर त्यातच गेली म्हणा ना. आधी जुनी खटारा, मग ही सरकत्या दाराची. पोरं व्हॅनकाका म्हणायची. मिशा फुटून कॉलेजात गेलेलीसुद्धा रस्त्यात दिसली की लांबून ओरडायची, "व्हॅनकाका!" हे मान ताठ करून हात हलवायचे आणि मला सांगायचे, "हा बघ, ह्याला उलटी व्हायची रोज." आम्हाला स्वतःचं मूल नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोकांनी तेही बोलून दाखवलं.

ह्यांचा एक नियम होता. पोर गाडीतून उतरलं म्हणजे पोचलं असं नाही, घरच्या कुणाच्या तरी हातात दिलं म्हणजे पोचलं. हातातून हातात. लहानग्यांना गाडीची पायरी उंच पडते म्हणून स्वतः ठोकून एक लाकडी स्टूल केलं होतं. दार सरकवायचं, स्टूल लावायचं, हात पुढे करायचा. पोरांना इतकी सवय, की बघायचीसुद्धा नाहीत. तोंड मागे, मैत्रिणीशी भांडण चालू, आणि हात हवेत पुढे. तो हात ह्यांच्या हातात यायचा, तिथून आईच्या नाहीतर आजोबांच्या. दुसरे गाडीवाले गेटपाशी पोरं उतरवून हॉर्न मारून निघून जायचे. हे चिडायचे. "मी काय खोकी पोचवतो का, दाराशी ठेवली आणि निघालो?"

आणि घरी कुणी नसलं तर? तर ते पोर आमच्याकडे. आमच्या दोन खोल्या, पण त्यात किती पोरं वाढली म्हणून सांगू. दूध प्यायची, माझ्या मशीनखाली बसून रिकाम्या बॉबिनींच्या गाड्या करायची, तिथेच झोपायची. मी तोवर त्यांच्या दप्तराची तुटलेली चेन बसवून ठेवायची. संध्याकाळी आई धापा टाकत यायची, "काकू, आहे ना हो आमचं ध्यान?" "आहे की. झोपलंय." संपलं. ह्यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटलं नाही, त्यांनाही वाटलं नाही.

मग ते टिंब आलं.

गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं, ते यंत्र. कुणी मागितलं नव्हतं हो! ह्यांनीच हौसेने आणून बसवलं. प्रत्येकाच्या घरी जाऊन, चष्मा नाकावर सरकवून, आयांना दाखवून आले, "हे बघा मॅडम, हे टिंब म्हणजे मी." मला काही ते पटलं नाही. मी म्हटलं, "चोवीस तास कुणीतरी आपल्या पाठीवर नजर ठेवून आहे, हे बरं वाटतं तुम्हाला?"

"ज्याच्या मनात चोर नाही त्याला कसली भीती? अगं, यंत्राला ना मित्र ना शत्रू. जे आहे ते दाखवतं."

"आणि जे नाही ते?"

"जे नाही ते कसं दाखवेल? काहीतरीच बोलतेस." माझ्यासारख्या अडाण्यांमुळेच देश मागे राहतो, असंही वर ऐकवलं. देश माझ्यामुळे मागे! मी चेन बसवत होते, बसवत राहिले.

दुसरा नाद म्हणजे ते व्हिडिओ. सकाळी उठलं की चहाआधी मोबाईल. इथे गळ्यातली साखळी ओढली, तिथे एटीएम फोडलं, अमुक ठिकाणी पोरं पळवणारी टोळी. बघायचे, च्च च्च करायचे आणि पालकांच्या ग्रुपवर पाठवून द्यायचे, वर "सावध राहा". एकदा सायकलवर चादरी विकणाऱ्या एका माणसाचा होता. लोकांनी घेरलेला, शेजारी एक लहान पोर रडतंय, आणि तो बिचारा हात जोडून काहीतरी सांगतोय. आरडाओरड्यात काय सांगतोय ते ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, "अहो, तो काय म्हणतोय ते तरी ऐकून घ्या."

"आग असल्याशिवाय धूर निघत नाही," हे म्हणाले, आणि पाठवून दिला.

गाडीत एक पहिलीतली मुलगी होती. सतत काहीतरी गुणगुणायची, म्हणून तिला आम्ही भुंगा म्हणायचो. ते घर ह्यांच्या गाडीला नवीनच लागलेलं. वडील परगावी, आई कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, घरी आजी. आजीच रोज गेटपाशी यायच्या आणि ह्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय जायच्या नाहीत.

त्या दिवशी आजी आल्या नाहीत. हे वर जाऊन बेल वाजवून आले, कुणी उघडलं नाही. आईला फोन लावला, बंद. गाडीत बाकीची पोरं उकडत होती. ह्यांनी वॉचमनला सांगितलं, "आजी आल्या की सांग, भुंगा काकूंकडे आहे," आणि सगळ्यांना सोडून शेवटी तिला घेऊन घरी आले. वॉचमनची पाळी बदलली, तो निघून गेला, आणि निरोप त्याच्याबरोबर गेला.

मी विचारलं, "आईला कळवलंत?"

"फोन बंद आहे. मोबाईल चालू केला की दिसेलच की तिला गाडी आपल्या दारात उभी आहे ते. यंत्र बसवलंय कशाला?"

इथेच चुकलं. आम्ही कुठे राहतो हे जुन्या घरांना पाठ होतं. ह्या नव्या बाईला कुठून माहीत असणार? ह्यांना वाटलं, टिंब सांगेल, पोर काकूंकडे आहे, दूध पितंय. टिंब एवढंच सांगत होतं, की गाडी कुठल्यातरी अनोळखी गल्लीत कधीची उभी आहे.

भुंग्याने दूध प्यायलं, अर्धं ह्यांच्या शर्टावर सांडलं. मी शर्ट काढायला लावून भिजत घातला. पोर मशीनपाशी मऊ कापडाचा तुकडा गालाला लावून झोपून गेलं. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "आजी आल्या असतील आता, सोडून येतो." तिला खांद्यावर घेतलं, एका हातात तिचे बूट घेतले. दुसरा शर्ट घालायलाही थांबले नाहीत, गाडीतच तर बसायचं होतं. मी दार उघडलं.

गल्ली माणसांनी भरलेली. मोटारसायकली, आमच्या गाडीतल्या पोरांचे बाप, कधी न पाहिलेली माणसं, दोन पोलीस, आणि सगळ्यांचे हात वर, हातात मोबाईल. कुणीतरी ओरडलं, "हाच! हाच तो!" एकाने ह्यांचं बनियन धरून ओढलं, ते टरकन फाटलं. एकाने मानेत मारली. मी किंचाळले, मला कुणी जुमानलं नाही. आणि हे काय म्हणत होते माहितीये? "हळू, हळू. ती झोपलीय."

शपथेवर सांगते, एवढंच म्हणत होते. व्हिडिओत ते ऐकू येत नाही.

पोलीस चौकीत फार वेळ लागला नाही. आजी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, रस्ता खोदलेला, रिक्षा गर्दीत अडकलेली, मोबाईल घरी. त्या काठी टेकत आल्या आणि सुनेवरच कडाडल्या, "अगं, हे आपले व्हॅनकाका! ह्यांच्याकडे सोडून कुठे असणार पोर?" सून ढसाढसा रडली. टिंब अनोळखी गल्लीत दिसलं, ह्यांचा फोन गाडीतच राहिल्याने कुणी उचलला नाही, म्हणून घाबरून तिनेच ग्रुपवर आणि पोलिसांना कळवलं होतं. तिने ह्यांचे हात धरले, माफी मागितली, तिथेच बसून ग्रुपवरही लिहिलं, की माझी चूक झाली, काकांचा काही दोष नाही. खोटं कशाला बोलू, बाई मनाची चांगली होती. तिच्या जागी मी असते तर मीही जिवाच्या आकांताने धावले असते. साहेब म्हणाले, "गैरसमज झाला काका, घरी जा." मला वाटलं, चला, चोर सोडून संन्याशाला फाशी होणार होती, ती टळली. मी येडी.

व्हिडिओला शेपूट नव्हतं. चौकी नाही, आजी नाही, माफी नाही. फाटलेल्या बनियनमधला एक माणूस, खांद्यावर मान टाकलेलं पोर, हातात इवलेसे बूट. वर लाल अक्षरात "सावधान". तो गेला तो गेलाच. चौथ्या का पाचव्या दिवशी माझ्या सख्ख्या भावाने मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, सांभाळून राहा, तुमच्याच भागातलं आहे म्हणे." त्याने स्वतःच्या दाजींना ओळखलं नाही! माझ्या लग्नात ह्यांच्या मांडीवर बसून जेवला होता तो. मी फोन लावून असा काही फैलावर घेतला त्याला, की विचारू नका. तो रडला, मी रडले. पण तोवर त्यानेही तो अजून कुणाकुणाला पाठवला होता.

पोरं एकेक करून गळली. कुणी तोंडावर काही बोललं नाही, सगळे कसे गोड. "आता आजोबा आलेत, तेच सोडतील." "पोहण्याचा क्लास लावलाय, वेळ जमत नाही." एक बाई म्हणाली, "आमचा विश्वास आहे हो काका, पण लोक..." मी आतून ओरडले, "मग त्या लोकांना सांगा ना तसं!" हे माझ्यावरच डोळे वटारून म्हणाले, "आत जा तू." भाजीवालीकडे दोघी बोलत होत्या, मी मागे उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "स्वतःचं मूल नाही ना त्यांना, कुणाच्या मनात काय..." भाजी तिथेच टाकून मी घरी आले. ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनी ते आधीच कुठेतरी ऐकलेलं असणार.

हे दिवसभर तो व्हिडिओ बघायचे. पुन्हा पुन्हा. मी एकदा हातातून मोबाईल हिसकावून घेतला. "काय बघता त्यात?"

"मला हा कुणी पाठवला असता ना," हे म्हणाले, "तर मीही पुढे पाठवला असता."

मग थोड्या वेळाने विचारलं, "त्या चादरीवाल्याचं पुढे काय झालं असेल गं?"

कुठल्या गावचा, कधीचा, देवालाच ठाऊक. पण ह्यांनी डोक्यात घेतलं. रस्त्यात चादरीवाला दिसला की थांबवायचे, निरखून बघायचे. गरज नसताना दोन चादरीही घेऊन आले. मी त्या ट्रंकेत ठेवून दिल्या.

भुंग्याची आई शेवटी घरी आली. आमच्या खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "काका, सोमवारपासून ती पुन्हा तुमच्याच गाडीतून जाणार. अजून दोन-तीन घरांशी बोललेय मी, तेही तयार आहेत. तुम्ही नाही म्हणू नका." हे मान खाली घालून ऐकत होते. ती गेल्यावर उठले आणि बादली भरली. गाडी धुतली, सरकत्या दाराला तेल दिलं, स्टुलाला पिवळा रंग लावला. मला एवढं हलकं वाटलं, की मी उगाचच माझं मशीनही पुसून काढलं. वाटलं, चार दिवसांत सगळं मागे पडेल. पुन्हा मान ताठ करून हात हलवतील, पुन्हा माझं डोकं खातील. मला तेवढंच हवं होतं हो. माझा माणूस मला पहिल्यासारखा हवा होता.

"तू पण चल," रात्री जेवताना म्हणाले. "गाडीत बाई असली की बरं."

मी शेवटच्या बाकावर बसायचं ठरलं. सकाळ छान गेली. भुंगा गुणगुणत चढली, माझ्या मांडीवर दप्तर टाकून म्हणाली, "काकू, चेन पुन्हा बिघडली." बाकीची पोरं थोडी बावरली होती, मग खिदळायला लागली. हे आरशातून बघत होते. मला वाटतं, जरासे हसलेही. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली, पोरं चढताना हे दारापाशी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. मी म्हटलं, असेल, पहिला दिवस आहे. शाळेत पोरं आपापली उड्या मारून उतरली, सकाळची घाईच असते.

दुपारी मोठी पोरं आधी उतरली. शेवटी भुंग्याचं गेट. ह्यांनी दार सरकवलं, पिवळं स्टूल लावलं आणि बाजूला झाले. हात पाठीमागे. भुंगा माझ्याकडे तोंड करून तिच्या बाईंची तक्रार सांगत होती. सांगता सांगता तिने सवयीने हात हवेत पुढे केला, आणि न बघता पाय टाकला.

तिथे हात नव्हता.

स्टूल कलंडलं, पोर तोंडावर आपटली. एक क्षण आवाज नाही, आणि मग जो टाहो फोडला. मी मागच्या बाकावर, मध्ये दप्तरं, पुढची सीट दुमडल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. मी ओरडले, "अहो, उचला ना तिला!"

हे तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. ती खाली बसून, हनुवटीला रक्त, दोन्ही हात वर करून ह्यांच्याकडे बघून रडत होती, "काका! काका!" ह्यांचे हात पाठीमागून निघाले. मी पाहिलं, अर्ध्यापर्यंत आले. मग ह्यांनी वर बघितलं. गेटवरच्या कॅमेऱ्याकडे, वरच्या गॅलऱ्यांकडे, रस्त्यापलीकडे मोबाईल घेऊन उभ्या असलेल्या कुणाकडे. आणि हात पुन्हा मागे गेले.

"तू ये," मला म्हणत होते. "तू ये गं लवकर. लवकर ये तू."

मी सीट दुमडून, दप्तरं तुडवत खाली उतरेपर्यंत भुंगा आपली आपण उठली होती. रडायची थांबली होती. गुडघे झाडत, ह्यांच्याकडे बघतही नव्हती. आजी गेटमधून लगबगीने आल्या, त्यांनी हात पुढे केला. हे मला म्हणाले, "तू दे." मी तिचा हात आजींच्या हातात दिला.

घरात आल्यावर बूट न काढताच भिंतीशी बसले आणि म्हणाले, "अगं, ती पडताना दिसली मला. दिसली, तरी हात आला नाही पुढे." आणि एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडला. मी जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते? दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी भुंग्याच्या आईला फोन करून सांगितलं, जमणार नाही. ती खूप बोलली, हे नुसते "नको मॅडम, नको" म्हणत राहिले.

गाडीतल्या सीटा काढल्या. आता त्याच गाडीतून लोकांनी मोबाईलवर मागवलेली खोकी पोचवतात. त्यातही टिंब आहे, गाडी कुठे आली ते लोकांना दिसतं. खोकं दाराशी ठेवायचं, फोटो काढायचा, निघायचं. हातात द्यायची गरज नाही. स्टूल मी माझ्या मशीनखाली पाय ठेवायला घेतलंय. त्याचा पिवळा रंग अजून तसाच आहे.

परवा जेवताना आपणहून बोलले. फार दिवसांनी, म्हणून मी घास तसाच ठेवून ऐकलं. एका घरी म्हातारी बाई आधीच दार उघडून उभी होती. ह्यांना बघून खोकं घ्यायला तिने दोन्ही हात पुढे केले.

"मग?" मी विचारलं.

"मी खाली ठेवलं. फोटो काढला. आलो."

"अहो, हातातच द्यायचं होतं ना. घाई होती का?"

"नाही," म्हणाले. "घाई नव्हती."

आणि ताट उचलून ठेवायला आत गेले.